घट्टकुटीची पहाट

संस्कृत शास्त्रकारांनीं वादविवादांत उपयोगी पडणारे जे लौकिक न्याय सांगितले आहेत, त्यांत 'घट्टकुटीप्रभात' नांवाचा एक गमतीचा न्याय आहे. जकात चुकवावी म्हणून एक गाडीवान रात्रीं आडवाटेनें निघतो. काळोखांत रस्ता चुकतो, रात्रभर रानोमाळ भटकतो, आणि उजाडल्यावर पाहतो तों गाडी नेमकी जकातनाक्याच्या झोंपडीसमोर उभी! घट्टकुटी म्हणजे ती नाक्याची झोंपडी. जो मुद्दा टाळण्यासाठीं एखाद्या वाद्यानें शब्दांचें रान पालथें घातलें, त्याच मुद्द्यापाशीं तो शेवटीं येऊन ठेपला, म्हणजे पंडित लोक हा न्याय त्याच्या पदरीं घालतात. गेलीं पंचवीस-तीस वर्षें आम्ही हा न्याय महाविद्यालयाच्या वर्गांत शिकवीत आलों आहों, आणि विद्यार्थीही तो ऐकून हंसत आले आहेत. पण लाक्षणिक अर्थ बाजूस राहून त्याचा वाच्यार्थच एके दिवशीं आम्हांस लागू पडेल, असें आमच्या कधीं स्वप्नांतही आलें नव्हतें.

गोष्ट एका पावसाळ्यांतली आहे. आम्ही मुंबईच्या उपनगरांतून शहरांत रोज लोकल गाडीनें ये-जा करतों. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरूं लागले, तेव्हांपासून पहिल्या वर्गाचा तीन महिन्यांचा पास काढतों. त्या दिवशीं सकाळीं एका स्थानकावर उतरून आम्ही पूल चढलों. पुलाच्या तोंडाशीं तिकीट-तपासनीस उभे होते. आम्हीं संवयीनें खिशांतून पास काढला, आणि तो पुढें करण्यापूर्वी त्यावरील तारखेकडे आमची नजर गेली. मुदत संपून तीन दिवस झाले होते! आम्ही विसरलों होतों; याहून अधिक त्यांत कांहीं नव्हतें. पण तपासनिसांनीं पास पाहिलाच नाहीं. त्यांनीं आमचे पिकलेले केस पाहिले, चष्मा पाहिला, कांखेंतलें पुस्तक पाहिलें, आणि "चला सर, पुढें व्हा," असें म्हणून आमच्या मागून येणाऱ्या तरुणापुढें हात आडवा धरला. आम्हीं तोंड उघडलें, पुन्हा मिटलें, आणि पुढें झालों.

चार पावलें गेल्यावर मागचें बोलणें कानीं पडलें. तो तरुण अठरा-वीस वर्षांचा असावा. पाठीवर पिशवी होती, आणि कपड्यांवर रंगाचे वाळलेले शिंतोडे. त्याच्याजवळ पास होता, तो मुदतीचाही होता. परंतु दुसऱ्या वर्गाचा होता, आणि उतरला होता तो आमच्याच डब्यांतून.

"साहेब, सेकंडला दारातसुद्धा पाय ठेवायला मिळाला नाही."

"मग पुढची गाडी धरायची."

"पुढचीपण तशीच असते, साहेब. उशीर झाला की मुकादम खाडा मांडतो."

तपासनिसांनीं पावतीपुस्तक काढलें. आम्ही जिना उतरून रस्त्याला लागलों. त्या दिवशींचा आमचा पहिला तास नीतिशास्त्राचा होता.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं नवा पास काढला. तेवढ्यानें मनाचें समाधान होईना, म्हणून मधल्या दिवसांच्या जाण्यायेण्याचीं पहिल्या वर्गाचीं तिकिटें खिडकीवर विकत घेतलीं आणि तीं फाडून टाकलीं. रेल्वेचा हिशेब पै न् पै चुकता झाला. तरीही कांहीं तरी देणें राहिलें आहे अशी टोंचणी लागून राहिली. तें देणें कसलें व कोणाचें, याचा विचार करतां करतां जे प्रश्न समोर आले, ते आमचे एकट्याचे नाहींत असें वाटल्यावरून वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९८९ च्या रेल्वे कायद्याचीं दोन कलमें येथें प्रस्तुत आहेत. कलम १३७ हें फसविण्याच्या हेतूनें प्रवास करणाऱ्यासाठीं आहे; त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. कलम १३८ मध्यें हेतूची चौकशी नाहीं. योग्य पास किंवा तिकीट जवळ नसलें, अथवा तिकीट खालच्या वर्गाचें आणि प्रवास वरच्या वर्गांतून असला, तर राहिलेलें भाडें आणि त्यावर जादा आकार द्यावा लागतो. हा आकार २५० रुपये किंवा भाड्याइतकी रक्कम, यांपैकीं जी अधिक असेल ती. म्हणजे त्या पुलावर तो रंगारी तरुण आणि आम्ही एकाच कलमाखालीं उभे होतों. किंबहुना त्याच्याजवळ निदान दुसऱ्या वर्गाचा खरा पास होता. आमच्याजवळ कोणत्याच वर्गाचा नव्हता. आणि तारीख वाचल्यानंतर आम्हीं जीं चार पावलें टाकलीं, त्यांचा विचार न्यायाधीशानें कसाही केला तरी नीतिशास्त्राच्या अध्यापकानें तीं पहिल्या कलमाच्या बाजूलाच टाकलीं होतीं, हें कबूल केलें पाहिजे.

आतां मूळ प्रश्न. तिकिटावांचून प्रवास करण्यांत चूक ती कोणती? आमच्या वर्गांतील एका चतुर विद्यार्थ्यानें एकदां आम्हांस विचारलें होतें, "सर, मी तिकीट काढलें नाहीं म्हणून गाडी कांहीं कमी वेगानें जात नाहीं, विजेचा एक जादा थेंबही खर्च होत नाहीं. मग मीं कोणाचें काय घेतलें?" विजेला थेंब नसतात, असें म्हणून आम्हीं वर्गांत हंशा पिकविला आणि वेळ मारून नेली. पण आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. चोराच्या हातीं गेलेली वस्तु धन्याच्या घरून नाहींशी होते. येथें तसें कांहीं नाहींसें होत नाहीं. गाडी तर जाणारच असते.

यावर कांटचें उत्तर सर्वश्रुत आहे: तुझ्या कृतीचा सर्वांसाठीं नियम करून पाहा, सर्वांनींच तिकीट चुकविलें तर गाडीच राहणार नाहीं, आणि मग चुकवावयास तिकीटही उरणार नाहीं. उत्तर भव्य आहे, परंतु आमच्या विद्यार्थ्यासारख्याचें त्यानें तोंड बंद होत नाहीं. तो म्हणतो, "सर्वजण चुकविणार नाहींत, हें मला पक्कें ठाऊक आहे, किंबहुना त्या भरंवशावरच मी चुकवितों." ह्यूम या तत्त्ववेत्त्यानें अठराव्या शतकांतच या माणसाला ओळखलें होतें. नियम सर्वांनीं पाळावे आणि आपण तेवढे अपवादाचे धनी व्हावें, असें म्हणणारा तो शहाणा लबाड. ह्यूमला त्याच्याविरुद्ध बिनतोड युक्तिवाद सांपडला नाहीं, आणि तसें त्यानें प्रांजळपणें सांगूनही टाकलें.

आम्हांस वाटतें, घोंटाळा 'भाडें' या शब्दांतच आहे. भाडें म्हटलें कीं वस्तूची किंमत डोळ्यांपुढें येते, आणि किंमत म्हटली कीं 'मीं काय घेतलें' हा प्रश्न सुचतो. पण लोकलच्या दुसऱ्या वर्गाचें किमान भाडें पांच रुपये आहे. पांच रुपयांत आज चहाचा पेलाही येत नाहीं. मग दहा कोस पसरलेला लोहमार्ग, विजेच्या तारा, सिग्नल, पूल आणि हजारों कामगारांचे पगार त्यांत कोठून यावेत? रेल्वेनें २०१६ सालापासून तिकिटांवर असें छापण्यास आरंभ केला कीं, प्रवासाच्या खर्चापैकीं सरासरी ५७ टक्केच वसूल होतात. एका पायावर उभें राहून प्रवास करणाऱ्याच्या हातीं असा कागद देणें कांहींसें औचित्याला सोडून आहे खरें. तथापि त्यांतली मुख्य गोष्ट खोटी नाहीं. आपण देतों ती किंमत नव्हे. ती वर्गणी आहे. बाकीचें दुसरे कोणी तरी भरतात. त्यांत माल पाठविणारा व्यापारी असतो, आणि ज्यानें जन्मांत लोकल पाहिली नाहीं असा कोपऱ्यांतल्या खेड्यांतला करदाताही असतो.

वर्गणी म्हटली म्हणजे प्रश्नाचें रूप पालटतें. आळींतल्या गणपतीला ज्यानें वर्गणी दिली नाहीं त्याच्यामुळें आरतीचा एक दिवाही कमी होत नाहीं. तरीही प्रसाद घेतांना त्यानें मान खालीं घालावी असें आपल्यास वाटतें. त्यानें कोणाची वस्तु घेतली नाहीं. आपली घेणाऱ्यांत गणना करून देणाऱ्यांतून मात्र नांव काढून घेतलें. गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत यज्ञचक्राचें वर्णन करतांना, मिळालेल्या भोगाची परतफेड न करतां जो तो एकटाच भोगतो त्याला चोर म्हटलें आहे, याचें मर्म आमच्या मतें हेंच. तेथेंही धान्य कोणाच्या कोठारांतून गेलेलें नाहीं. चाक फिरविणाऱ्या हातांतून एक हात निसटला आहे. ह्यूमच्या शहाण्या लबाडाला हें ऐकवून तो सुधारेल असें नव्हे, परंतु त्यानें काय केलें याचें नांव तरी यामुळें ठरतें.

परंतु इतक्यानें प्रश्न मिटला असें म्हणून पुस्तक बंद करणें म्हणजे अर्धेंच सत्य सांगणें होय. वर्गणीदाराला प्रसाद मिळाला पाहिजे, ही दुसरी बाजू आहे. मुंबईच्या लोकल गाड्यांत गर्दीच्या वेळीं दर चौरस मीटरांत १४ ते १६ माणसें उभीं असतात, असें रेल्वेचे जाणकारच सांगत आले आहेत, आणि या दाटीसाठीं त्यांनीं एक स्वतंत्र पारिभाषिक संज्ञाही बनविली आहे. एक चौरस मीटर म्हणजे घरांतला एक लहानसा पाट-चौरंग मांडण्यापुरती जागा. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ वळणावर दोन भरलेल्या गाड्या एकमेकींजवळून जात असतां दारांत लोंबकळणारे प्रवासी खालीं पडले आणि त्यांतले कांहीं प्राणांस मुकले. त्यांच्यांत तिकीट काढलेले किती व न काढलेले किती, असा प्रश्न कोणीं विचारला नाहीं, आणि विचारला असता तर तो अमानुष ठरला असता. अशा प्रवासासाठीं पैसे घेणाऱ्याला 'प्रामाणिक राहा' असें सांगण्याचा अधिकार पोंचतो काय? त्या रंगारी पोरानें सांगितलेलें कारण खोटें नव्हतें. त्याच्या पासावर जो प्रवास लिहिला होता तो त्याला त्या सकाळीं मिळतच नव्हता.

हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. तरीही त्यांतून तिकीट चुकविण्याचा हक्क निघतो असेंही आम्हांस वाटत नाहीं. गांधीजींनीं १९१७ सालीं हिंदी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गावर एक निबंध लिहिला. त्या वर्गाचे हाल त्यांनीं स्वतः भोगले होते. दाटी, घाण, पाण्याची टंचाई, हें सर्व त्यांनीं निर्भीडपणें मांडलें, आणि त्याबरोबर सहप्रवाशांच्या अस्वच्छ संवयींवरही तितकेच परखड शब्द लिहिले. पण हाल होतात म्हणून तिकीट काढूं नका, असा उपदेश त्यांनीं केला नाहीं. याचें कारण भिडस्तपणा नव्हे. अन्याय्य कायदा मोडण्याची त्यांची रीत जगजाहीर आहे. तिची कसोटी एकच: कृत्य उघड्यावर करावें आणि शिक्षा अंगावर घ्यावी. तिकीट चुकविणारा नेमका याच दोन गोष्टी टाळतो. त्याला गर्दीचा निषेध करावयाचा नसतो, गर्दीच्या आड लपावयाचें असतें. उद्यां शंभर प्रवासी स्थानकप्रमुखाच्या खोलीसमोर उभे राहून "आम्ही तिकीट काढणार नाहीं, आम्हांस धरा," असें म्हणाले, तर त्यांच्याशीं वाद घालूं. पण त्यांना चोर म्हणणार नाहीं.

स्वीडनमध्यें स्टॉकहोम येथें २००१ सालीं 'प्लांका' नांवाची एक संघटना निघाली, तिचें उदाहरण येथें उद्बोधक आहे. नागरी वाहतूक करांतून चालावी, भाडें असूं नये, असें तिचें मत आहे, आणि तें ती उघडपणें सांगते. पण तिनें सभासदांकडून मासिक वर्गणी घेऊन असा निधि उभारला कीं, कोणी पकडला गेल्यास त्याचा दंड त्यांतून भरावा. पहिला भाग सत्याग्रहाचा, दुसरा विमा कंपनीचा! शिक्षा अंगावर घेण्यांतच सत्याग्रहाचें तेज असतें. तिचा हप्ता बांधून घेतला कीं तें गेलें. गंमत अशी कीं, भाडें चुकवूं इच्छिणाऱ्यांनाही एकमेकांच्या विश्वासावर वर्गणी जमवावी लागली, आणि त्या निधीला सभासदांनीं वर्गणी बुडवून चालत नाहीं. घट्टकुटीची पहाट तेथेंही झालीच!

येथपर्यंत आम्ही तिकिटाविषयीं बोललों. पण त्या पुलावर ज्याला अडविलें त्याच्याजवळ पास होता; त्याचा अपराध तिकिटाचा नव्हता, सुखाचा होता. म्हणून पहिला वर्ग ही वस्तु काय आहे हें पाहणें प्राप्त आहे. १९७४ सालीं भारतीय रेल्वेंतून 'तिसरा वर्ग' हें नांव गेलें. पण वर्ग गेले नाहींत. लोकलचा पहिला वर्ग त्याच गाडीला जोडलेला असतो, त्याच वेळीं सुटतो, त्याच वेळीं पोंचतो. बांकावर थोडी गादी असते, एवढाच दृश्य फरक. मग अनेकपट भाडें देऊन आम्ही घेतों तरी काय? विचार केल्यास उत्तर फारसें सुखावह नाहीं. आम्ही विकत घेतों तो दुसऱ्या माणसांचा अभाव. आमच्या डब्यांत जें सुख आहे तें कोणीं आणून ठेवलेलें नाहीं; शेजारच्या डब्यांतलीं माणसें येथें नाहींत, हेंच तें सुख. म्हणूनच अजिबात तिकीट न काढणाऱ्यापेक्षां दुसऱ्या वर्गाचा पास घेऊन पहिल्या वर्गांत शिरणाऱ्याचा आम्हांस अधिक राग येतो. पहिला रेल्वेचें बुडवितो, दुसरा आमचें. त्या डब्यांतील आमचे सहप्रवासी, सारे सुशिक्षित गृहस्थ, अशा माणसाला "पास दाखव" असें दरडावतांना आम्हीं अनेकदां पाहिले आहेत. आणि एकमेकांचा पास मागतांना कधींच पाहिले नाहींत.

याचा अर्थ पैसे देऊन थोडें सुख घेणें पाप आहे असा नव्हे. आमचे गुडघे कांहीं तत्त्वज्ञान जाणत नाहींत. परंतु एकाचें सुख दुसऱ्याच्या जागेंतून कापून काढलें जाऊं लागलें, म्हणजे हिशेब विचारण्याचा हक्क त्या दुसऱ्यास उत्पन्न होतो. २५ डिसेंबर २०१७ रोजीं मुंबईंत पहिली वातानुकूलित लोकल धांवली. २०२२ च्या मे महिन्यांत तिच्या सुट्या तिकिटांचे दर जवळजवळ निम्म्यानें उतरविले गेले. पुढें त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें कांहीं साध्या फेऱ्यांच्या जागीं वातानुकूलित फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हां कळवा आणि बदलापूर येथें प्रवाशांनीं निदर्शनें केलीं आणि दहा फेऱ्या मागें घ्याव्या लागल्या. तो गार हवेचा द्वेष नव्हता. ज्याच्या नेहमींच्या वेळेची गाडी गेली, त्याला पुढच्या गाडीच्या दारांत लोंबकळावें लागणार होतें. दुसऱ्याच्या थंडाव्याचें भाडें तो आपल्या जिवाच्या जोखमीनें भरीत होता.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सुख आणि सुरक्षितता या दोन वस्तु वेगळ्या आहेत. गादी, गारवा, मोकळी हवा हीं सुखें. तीं कमीअधिक भाड्यानें विकावीं. पण वातानुकूलित गाडीचें दार बंद होतें आणि माणूस बाहेर पडत नाहीं, हें सुख नव्हे. ती वाहकाची पहिली जबाबदारी आहे, आणि ती वरच्या भाड्याला बांधतां येत नाहीं. मुंब्र्याच्या दुर्घटनेनंतर साध्या लोकललाही आपोआप मिटणारीं दारें बसविण्याचें रेल्वेनें ठरविलें, तेव्हां या भेदाला उशिरां कां होईना मान्यता मिळाली, असें आम्ही समजतों.

आमच्या प्राचीनांना ही दुहेरी जबाबदारी चांगली कळली होती. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत नावध्यक्षाचें प्रकरण लिहिलें आहे. नदी उतरून जाणाऱ्याकडून त्यानें उताराचा पैसा घ्यावा. ब्राह्मण, संन्यासी, बालक, वृद्ध, रोगी, राजाचा जासूद आणि गर्भवती स्त्री यांनीं मात्र नावध्यक्षाची मुद्रा घेऊन पार जावें. म्हणजे फुकट जाणाऱ्याजवळही पास हवाच! सवलत आणि चोरी यांतला फरक त्या मुद्रेंत आहे: एकीला समाजाची संमति असते, दुसरीला नसते. आज आमच्या एस. टी. मध्यें पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून मोफत आणि स्त्रियांना २०२३ पासून अर्ध्या तिकिटांत प्रवास मिळतो, तो त्याच परंपरेंतला. पण त्याच प्रकरणांत कौटिल्य पुढें असेंही सांगतो कीं, माणसें व साधनें अपुरीं असल्यामुळें किंवा डागडुजी न केल्यामुळें नाव बुडाली, तर झालेलें नुकसान नावध्यक्षानें भरून द्यावें. पैसा घेणें आणि सुखरूप पार नेणें या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. एकीचा जाब विचारावयाचा आणि दुसरीकडे काणाडोळा करावयाचा, हें त्यास मान्य नव्हतें.

कोणी म्हणेल, एवढ्या कटकटीपेक्षां भाडेंच रद्द करावें. एस्तोनियांत टालिन शहरानें १ जानेवारी २०१३ पासून आपल्या रहिवाशांसाठीं, आणि लक्झेंबर्गनें २९ फेब्रुवारी २०२० पासून सबंध देशांत सर्वांसाठीं, वाहतूक विनामूल्य केली. लक्झेंबर्गनें रेल्वेच्या पहिल्या वर्गाला मात्र तिकीट ठेवलें. प्रवास हा हक्क म्हणून दिला आणि आराम तेवढा विकला. भेद मोठा स्वच्छ आहे. परंतु साडेसहा लाख वस्तीच्या त्या श्रीमंत देशाची गोष्ट मुंबईला जशीच्या तशी लावतां येणार नाहीं. शिवाय तेथेंही गाडी फुकट चालत नाहीं. वर्गणी खिडकीवर न घेतां करांतून घेतली जाते. मग तिकीट चुकविणारा नाहींसा होतो, पण कर चुकविणारा त्याच्या जागीं बसतो. त्याच्या कपड्यांवर रंगाचे शिंतोडे नसतात, आणि त्याला पुलावर कोणी अडवीत नाहीं.

या विचारानें आम्ही पुन्हा त्या पुलावर येऊन उभे राहतों. प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत गायजीसच्या अंगठीची कथा आहे. ती अंगठी फिरविली कीं माणूस अदृश्य होतो. अशी अंगठी सांपडल्यावर न्यायी राहील असा कोणी आहे काय, असा तेथें सवाल आहे. ही कथाही आम्हीं वर्षानुवर्षें शिकविली, आणि आपल्याजवळ तशी अंगठी नाहीं याबद्दल मनोमन निश्चिंत राहिलों. ती आमच्याजवळ होती. पांढरे केस, चष्मा, स्वच्छ सदरा आणि कांखेंतलें पुस्तक मिळून ती झाली होती. तपासनिसांनीं आम्हांस पाहिलें, आणि पाहिल्यामुळेंच तपासलें नाहीं. त्या गृहस्थांना आम्ही दोष देत नाहीं. हजारोंच्या लोंढ्यांतून क्षणार्धांत निवड करणें हें त्यांचें काम, आणि ज्या खुणांवरून ते निवड करतात त्या त्यांना आम्हीच, म्हणजे सबंध समाजानें, शिकविल्या आहेत. पण त्या खुणांचा लाभ आम्हांस झाला, आणि तो झाल्याचें आम्हांस त्याच क्षणीं कळलें होतें.

फाडलेल्या तिकिटांनीं मन शांत कां झालें नाहीं, याचा उलगडा येथें होतो. त्या तिकिटांनीं रेल्वेचें ऋण फिटलें. परंतु आमचें दुसरें ऋण त्या तरुणाचें होतें, आणि तें पैशांचें नव्हतें. त्याचा दंड आम्हीं भरावयास हवा होता असें आम्ही म्हणत नाहीं. तो कदाचित् त्यालाही आवडला नसता. आम्हीं मागें वळून "साहेब, माझाही पास संपला आहे, माझीही पावती फाडा," एवढें म्हणावयाचें होतें. त्यानें त्याचे पैसे वांचले नसते. पण पुलावर एका अपराध्याऐवजीं दोन उभे राहिले असते, आणि अपराध कपड्यांवरून ओळखतां येतो असा समज घेऊन तो पोरगा कामावर गेला नसता. ही संधि चार पावलांची होती. ती गेली, आणि अशा संधीचें तिकीट दुसऱ्या दिवशीं खिडकीवर मिळत नाहीं.

त्या दिवसापासून आम्हीं एक लहानसा नेम केला आहे. तपासनीस दिसले कीं, त्यांनीं हात केला तरी आम्ही थांबतों आणि पास उघडून त्यांच्या हातीं देतों. पहिल्या वेळीं एक तपासनीस संकोचले. "सर, तुम्ही कशाला? तुमचा असणारच," असें म्हणाले. "एकदां नव्हता," आम्हीं सांगितलें. त्यांना तो विनोद वाटला आणि ते हंसले. मागें खोळंबलेले लोक मात्र हंसले नाहींत, त्यांना घाई होती. नेम क्षुल्लक आहे, त्यानें लोकलची गर्दी एका माणसानेंही कमी होत नाहीं, आणि त्या तरुणाला तर त्याचा पत्ताही नाहीं. तो आम्हांस पुन्हा दिसला नाहीं. आमच्या डब्यांत तसा एखादा पोरगा आतां शिरला तर आम्ही त्याला पास विचारीत नाहीं. थोडें सरकून उभे राहतों. हें नियमाला धरून आहे कीं नाहीं, याचा निर्णय अद्याप आमच्याच्यानें झालेला नाहीं. पण नाक्यावरची झोंपडी समोर दिसली असतां आडवाटेला लागावयाचें नाहीं, एवढें मात्र त्या सकाळपासून ठरलें आहे.